चाळिशीच्या आधीची वीस वर्षे

भोसरी, तळवडे, महाळुंगे, खराबवाडी या पट्ट्यात चाळिशीच्या आतबाहेरचा एखादा कामगार हार्ट अटॅकने गेला की दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘फार टेन्शन होते त्याला’ हे पहिले, आणि ‘त्याला तर काहीच नव्हते’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात थोडे तथ्य असते. दुसरे बहुतेक वेळा खोटे असते. त्याला काहीतरी होते, आणि पंधरा-वीस वर्षे होते. कोणी ते मोजले नव्हते, किंवा मोजले तेव्हा ‘नॉर्मल’ असा शेरा पडून कागद फायलीत गेला होता.

कोलेस्टेरॉलचा धोका आपण रिपोर्टवरच्या एका आकड्यात शोधतो. खरा धोका तो आकडा शरीरात किती वर्षे मुक्कामाला होता यावर ठरतो. हे एकदा पटले की कामगाराच्या हृदयाची चौकशी चाळिशीला सुरू करणे म्हणजे निम्मा काळ वाया घालवणे होय, हेही पटावे लागते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणमध्ये माणूस अठराव्या-विसाव्या वर्षी आयटीआय संपवून अप्रेंटिस म्हणून गेटच्या आत येतो. चौकशी त्याच वेळी सुरू व्हायला हवी, आणि ती तशी सुरू करता येते, असे माझे म्हणणे आहे.

चाळिशीचा मुद्दा आज निघण्याला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. चाळीस वर्षांवरील प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करण्याची जबाबदारी त्यांनी मालकावर टाकली. हे पाऊल चांगलेच आहे. ज्यांना आजवर कोणी विचारले नव्हते अशा लाखो माणसांचे रक्त निदान एकदा तरी तपासले जाईल. पण चाळीस ही रेषा हृदयविकाराच्या बाबतीत कुठून आली, आणि भारतीय माणसाच्या शरीराला ती लागू पडते का, हे विचारायला हवे.

आधी कोलेस्टेरॉल करते काय ते पाहू. हा पदार्थ विषारी नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो, अनेक संप्रेरके त्यापासून बनतात, पित्त त्यापासून बनते, आणि त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते. रक्तात तो विरघळत नाही, म्हणून प्रथिनाच्या वेष्टनातल्या सूक्ष्म कणांतून फिरतो. एलडीएल हा त्यांतला मुख्य कण. असे कण रक्तात जास्त असले की धमनीच्या आतल्या अस्तरातून त्यांतले काही भिंतीत शिरतात आणि तिथेच अडकतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळायला येतात, गिळून फुगतात, मरतात आणि तिथेच साचतात. हा थर म्हणजे प्लाक. तो वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही. मग एखाद्या दिवशी त्याचे पातळ आवरण फाटते, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. फाटणारा प्लाक नेहमी मोठाच असतो असेही नाही. अनेक अटॅक अशा जागी येतात जिथे आदल्या दिवशी धमनी फारशी अरुंद झालेलीही नव्हती. म्हणून ईसीजी चांगला निघालेला माणूस महिन्याभरात अटॅकने जाऊ शकतो. ईसीजी हृदयाची त्या क्षणाची विद्युतक्रिया दाखवतो. भिंतीत साचलेला थर तो पाहू शकत नाही.

हे साचणे किती लवकर सुरू होते, याचा धक्कादायक पुरावा १९५३ साली पुढे आला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये तपासली गेली. सरासरी वय होते २२. त्यांतल्या ७७ टक्के तरुणांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या कमीअधिक खुणा सापडल्या. ही धडधाकट, लष्करी तपासणीत पास झालेली मुले होती.

कारखान्यातल्या माणसाला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये, कारण आवाजाच्या बाबतीत तो हाच नियम जगतो. प्रेस शॉपमध्ये एक दिवस उभे राहून कोणी बहिरे होत नाही. म्हणून नियमात डेसिबलचा आकडा एकटा येत नाही. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल, अशी तास धरून मर्यादा घातलेली असते. आवाज किती आणि तो किती काळ, या दोहोंच्या गुणाकाराने कान जातो, आणि एकदा गेला की परत येत नाही. म्हणून श्रवणचाचणी कमी ऐकू येण्याआधी करायची असते. एलडीएलचे गणित असेच आहे. पातळी गुणिले वर्षे. तिशीत १६० असलेला एलडीएल कोणाला जाणवत नाही, पण तो रोज भिंतीत भर घालत असतो.

हा गुणाकार केवळ तर्क नाही. निसर्गानेच त्याचा प्रयोग करून ठेवला आहे. पीसीएसके९ नावाच्या एका जनुकात काही लोकांना जन्मतःच असा बदल असतो की त्यांचा एलडीएल आयुष्यभर थोडा कमी राहतो. डॅलसच्या हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी २००६ साली अशा लोकांचा पंधरा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्यांचा एलडीएल सरासरी १५ टक्के कमी होता, त्यांच्यात हृदयधमनीचा विकार ४७ टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांचा २८ टक्के कमी होता, त्यांच्यात ८८ टक्क्यांनी कमी. आता हे गोळीच्या परिणामाशेजारी ठेवा. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन या औषधाने एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरवला तर पाचेक वर्षांच्या चाचण्यांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग सुमारे २२ टक्क्यांनी घटतात. हा फायदा मोठा आहे, पण जन्मापासून थोडासा कमी राहिलेल्या एलडीएलने त्याहून कितीतरी जास्त संरक्षण दिले. पन्नाशीत मोठी घट करण्यापेक्षा विशीपासूनची लहान घट अधिक वाचवते, असा याचा सरळ अर्थ आहे.

मग आपल्याकडचे चित्र काय आहे? याचे उत्तर शोधायला पुण्याबाहेर जावे लागत नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही वजनाच्या हिशेबाने सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या मातापोषणाच्या अभ्यासात याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की ही गोष्ट जन्मापासूनच असते. इथले बाळ इंग्लंडमधल्या बाळापेक्षा वजनाने बरेच कमी भरते, पण त्याच्या हाडामांसात जेवढी घट असते तेवढी चरबीत नसते. ‘बारीक पण चरबीयुक्त भारतीय’ ही कल्पना या कामातून जगभर गेली.

चाकणच्या कोणत्याही कंपनीत पाळी सुटताना गेटजवळ उभे राहिले तर सडसडीत मुले बाहेर पडताना दिसतात. त्यांच्याकडे पाहून हृदयविकार मनात येत नाही. डॉक्टरच्याही येत नाही. याज्ञिकांच्या कामाचा धडा असा की या देहयष्टीवर विसंबता येत नाही. रक्त तपासावे लागते.

आणि तपासताना योग्य आकडा पाहावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड मिळून २०० च्या वर एकूण कोलेस्टेरॉल असलेले लोक होते १३.९ टक्के. एवढेच वाचले तर काळजीचे कारण दिसत नाही. पण त्याच लोकांत ७२.३ टक्क्यांचा एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, कमी होता, २९.५ टक्क्यांचे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढलेले होते, आणि रक्तातल्या चरबीचा कोणता ना कोणता दोष असलेले होते ७९ टक्के. म्हणजे ‘टोटल कोलेस्टेरॉल नॉर्मल’ हे वाक्य ज्यांना ऐकवले जाते, त्यांतल्या बहुसंख्यांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे.

हे कसे घडते ते दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. पहिल्यात एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ५५, ट्रायग्लिसराइड १००. दुसऱ्यात एकूण १९० च, पण एचडीएल ३२ आणि ट्रायग्लिसराइड २४०. लॅबमधला एलडीएल बहुधा गणिताने काढलेला असतो: एकूणातून एचडीएल वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. पहिल्याचा येतो ११५, दुसऱ्याचा ११०. कागदावर दुसरा माणूस अधिक सुरक्षित ठरला. आता एकूणातून फक्त एचडीएल वजा करा. याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि धमनीत शिरू शकणाऱ्या सगळ्या कणांतले कोलेस्टेरॉल त्यात येते. पहिल्याचे १३५, दुसऱ्याचे १५८. खरा धोका दुसऱ्याला अधिक आहे, आणि आपल्याकडे हा दुसरा नमुनाच जास्त आढळतो. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा भारतीयांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनी नॉन-एचडीएलला हे महत्त्व दिले, सर्वसाधारण माणसासाठी ते १३० च्या आत आणि एलडीएल १०० च्या आत असावे असे सांगितले, पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी येण्याची अट काढून टाकली, आणि पहिली लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी करावी अशी शिफारस केली.

कायदा चाळीस म्हणतो, हृदयरोगतज्ज्ञ अठरा म्हणतात. मधल्या बावीस वर्षांत कामगाराच्या तारुण्याचा जवळजवळ सगळा काळ येतो.

हे अंतर भारतात अधिक महाग पडते. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचे मध्यवर्ती वय ५३ निघाले. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. अभ्यासकांनी यामागे आपल्या रक्तातला एखादा गूढ दोष शोधला नाही. धोक्याचे घटक आपल्याकडे लवकरच्या वयात वाढलेले असतात म्हणून अटॅक लवकर येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. जे लवकर वाढते ते लवकर मोजले तर लवकर आवरताही येते. म्हणून ही बातमी वाईट असली तरी आशा संपवणारी नाही.

आता या पट्ट्यातल्या जगण्याकडे वळू, कारण कोलेस्टेरॉल एकटे काम करत नाही. तंबाखू धमनीच्या अस्तराला इजा करते, वाढलेला बीपी भिंतीवर ताण आणतो, मधुमेह हे सगळे वेगाने पुढे नेतो. नाइट शिफ्टही यात आहे. पाळीने काम करणाऱ्यांत हार्ट अटॅकचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले गेले. झोपेची वेळ आठवड्याआठवड्याला बदलते, जेवण मध्यरात्री होते, जाग राहावी म्हणून साखरेचा चहा पाळीत तीन-चारदा होतो, आणि मशिनजवळ उभे राहताना तंबाखूची चिमूट दाढेखाली जाते. बीड, लातूर, बुलढाणा, जळगाव किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला मुलगा चाकणमध्ये एका खोलीत चार-पाच जणांबरोबर राहतो. ओटी करून परतल्यावर भाकरी थापायला त्याच्याजवळ ना वेळ ना चूल. तो मेसवर, वडापाववर आणि कंपनीच्या कॅन्टीनवर जगतो.

म्हणूनच ‘तेलकट खाऊ नका’ असा उपदेश त्याला करणे मला अन्यायाचे वाटते. त्याचे ताट तो ठरवत नाही. कॅन्टीनचा ठेका ताटाच्या दरावर ठरतो, आणि दर खाली आणायचा तर सर्वांत सोपा मार्ग तेलाचा असतो. स्वस्त तेल म्हणजे बहुधा पामतेल. त्यातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. शेंगदाण्याच्या किंवा सोयाबीनच्या तेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आहारातली संपृक्त चरबी एलडीएल वाढवते, हे पोषणशास्त्रातल्या पक्क्या गोष्टींपैकी एक आहे. अंड्यातले कोलेस्टेरॉल त्या मानाने किरकोळ ठरते. वर्षानुवर्षे आपण अंड्याला दोष दिला आणि तळणाच्या कढईला मोकळे सोडले. नव्या संहितेनुसार कंत्राटी धरून शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कॅन्टीन द्यावे लागते. हजारो माणसांचे तेल एका निविदेत ठरत असेल, तर हजार माणसांना वेगवेगळे समजावत बसण्यापेक्षा ती निविदा बदलणे अधिक परिणामकारक आहे. तेलाचा प्रकार, डाळीची उसळ, ज्वारी-बाजरीची भाकरी, एका दिवसाआड तळण बंद, आणि बिनसाखरेच्या चहाची सोय: हे सगळे त्या कागदात लिहिता येते.

या सगळ्यावर जे आक्षेप येतात ते गंभीर आहेत, आणि त्यांना उत्तर देणे माझे कर्तव्य आहे.

पहिला आक्षेप असा की अटॅक आलेल्या अनेकांचे कोलेस्टेरॉल नॉर्मलच असते, मग त्याचा संबंध काय? निरीक्षण खरे आहे, पण निष्कर्ष चुकीचा. ‘नॉर्मल’ म्हणजे समाजात सरासरीने आढळणारे. जिथे सरासरीच जास्त आहे तिथे नॉर्मल आणि सुरक्षित यांत फरक पडतो. शिवाय अटॅकनंतर काही तासांत एलडीएल उतरू लागतो, त्यामुळे दवाखान्यात घेतलेला आकडा आधीच्या वीस वर्षांची साक्ष देत नाही. आणि १९० एकूणाच्या त्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये पाहिले तसे, खरा दोष वेगळ्याच रकान्यात असू शकतो.

दुसरा आक्षेप औषध कंपन्यांवरच्या अविश्वासाचा आहे. कोलेस्टेरॉलची भीती घालून गोळ्या विकल्या जातात, असे बरेच लोक मनापासून मानतात. या अविश्वासाला आपल्या आरोग्यव्यवस्थेने कारणे दिली आहेत. अनावश्यक तपासण्या आणि अनावश्यक स्टेंट यांच्या कहाण्या लोक ऐकतात. पण कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध गोळीच्या आधीचा आहे. निकोलाय अनिचकोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये सशांना कोलेस्टेरॉल चारून धमन्यांत थर उत्पन्न केला तो १९१३ साली. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाचा दीर्घ अभ्यास १९४८ मध्ये सुरू झाला. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवून दिले की एलडीएल रक्तातून उचलणारा पेशीवरचा ग्राही (रिसेप्टर) ज्या मुलांत आनुवंशिक दोषामुळे काम करत नाही, त्यांना बालपणीच हार्ट अटॅक येऊ शकतो. त्यांना १९८५ चे नोबेल मिळाले. स्टॅटिन पहिल्यांदा बाजारात आले ते १९८७ मध्ये. आणि १९९४ मध्ये स्कॅन्डिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीने दाखवले की सिमव्हास्टॅटिनमुळे मृत्यूच ३० टक्क्यांनी घटतात. आज अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे पेटंट संपून बरीच वर्षे झाली. ते आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रात अगदी कमी दरात मिळते. त्याच्या विक्रीतून आता फार नफा उरलेला नाही, वापरातून उरणारे आयुष्य मात्र तेवढेच आहे.

तिसरा आक्षेप दुष्परिणामांचा. स्टॅटिनने काही जणांचे स्नायू दुखतात, आणि ज्यांची शुगर आधीच काठावर आहे अशांत मधुमेहाचे प्रमाण थोडे वाढते. हे लपवू नये. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने साखरेची, काही महिने काहीच नाही असे दिले गेले. त्यांना झालेल्या त्रासातला सुमारे ९० टक्के भाग साखरेच्या गोळीनेही तसाच होत होता. त्रास खरा होता. त्याचे मूळ बहुतांश औषधात नव्हते. म्हणून गोळी परस्पर सोडण्याऐवजी डॉक्टरशी बोलून मात्रा किंवा औषध बदलावे.

चौथा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विशीतल्या मुलांच्या हाती रिपोर्ट देऊन त्यांना रुग्ण का बनवायचे? उत्तर असे की अठराव्या वर्षीची तपासणी म्हणजे अठराव्या वर्षीची गोळी नव्हे. बहुतेकांना तंबाखू, वजन, खाणे आणि पाच वर्षांनी पुन्हा रक्त, एवढेच सांगायचे आहे. पण साधारण अडीचशे माणसांत एकाला जन्मतःच एलडीएल फार वाढवणारा दोष असतो. त्याचा एलडीएल १९० च्या वर जातो, त्याच्या घरात कोणी काका किंवा वडील पन्नाशीआधी गेलेले असतात, आणि त्याला लवकरचे औषधच वाचवते. दहा हजार कामगारांच्या वसाहतीत असे चाळीसेक जण सापडायला हवेत. त्यांना चाळिशीपर्यंत थांबवणे म्हणजे तपासणीच्या आधी अटॅकला वेळ देणे आहे. त्यांना शोधले की त्यांची भावंडे आणि मुलेही सापडतात. या एका कारणासाठीही तरुणांची तपासणी रास्त ठरते.

पिंपरीच्या इतिहासात या विचाराला आधार आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली पिंपरीत उभी राहिली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागले. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सरकारने उभारलेला हा कारखाना एका निर्णयाचा पुरावा होता: जीव वाचवणारे औषध परक्या देशाच्या दयेवर आणि रोग्याच्या खिशावर सोडायचे नाही. त्या काळी गरिबाघरच्या मुलांचे हृदय निकामी होत असे ते संधिवाताच्या तापाने, ज्यात घशाच्या साध्या जंतुसंसर्गातून हृदयाच्या झडपा खराब होतात. त्यावर उपाय होता पेनिसिलिनची इंजेक्शने नियमाने, वर्षानुवर्षे देत राहणे. झडप बिघडण्याची वाट न पाहता आधीच औषध द्यायचे हे तत्त्व तेव्हा कोणाला अतिरेकी वाटले नाही.

योगायोग असा की स्टॅटिनही बुरशीतूनच आले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या चरित्राने भारावलेले जपानी संशोधक अकिरा एंदो १९७१ पासून टोकियोत हजारो बुरश्या चाळत होते. सहा हजारांवर नमुने पाहिल्यावर १९७३ मध्ये एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर सापडलेल्या पेनिसिलियम जातीच्या बुरशीतून त्यांना कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य मिळाले. पेनिसिलिनच्या नात्यातले हे औषध आज पिंपरीतल्या कामगाराच्या खिशाला परवडते. उणीव आहे ती १९५४ च्या त्या सार्वजनिक इच्छेची.

ती इच्छा खेड्यापाड्यापर्यंत कशी न्यायची याचे उदाहरणही जवळ आहे. चाकण-शिक्रापूर पट्ट्याला लागून असलेल्या वढू बुद्रुक भागात डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात केईएमचे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना आणि तरुणांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवले. त्या कामाची कीर्ती अशी की १९९३ मध्ये कोयाजींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे तिथेच लोकसंख्येच्या आरोग्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवणारे केंद्र झाले. आज त्या गावांभोवती कारखाने आहेत. माता आणि बाळांची नोंद जर तशी ठेवता आली, तर त्या कारखान्यांतल्या माणसांच्या बीपीची आणि कोलेस्टेरॉलची का ठेवता येऊ नये?

सर्वांत मोठा अडथळा नोंद तुटण्याचा आहे. कायम कामगाराची फाईल कंपनीत असते. कंत्राटी कामगार ठेकेदार बदलला की नव्याने सुरू होतो. त्याचा जुना रिपोर्ट कुठे गेला ते त्यालाही माहीत नसते. राज्य कामगार विम्याच्या वेतनमर्यादेत असेल तोवर त्याला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयाचा आधार असतो. २०१७ मध्ये ती मर्यादा २१ हजार रुपये झाली. पगार तिच्यावर गेला की तो आधार सुटतो, आणि मेडिक्लेम मिळेलच असे नाही. आणि नोकरीच्या वेळचे ‘मेडिकल’ ही कामगाराच्या मनात भीतीची गोष्ट आहे, कारण ते त्याला घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी होते. ज्या तपासणीतून नोकरी जाऊ शकते, तिच्यात माणूस आजार लपवतो. म्हणून मी ज्या तपासणीबद्दल बोलतो आहे तिची पहिली अट अशी की तिचा निकाल कामगाराच्या मालकीचा असावा. डॉक्टर आणि तो, एवढ्यांनाच तो कळावा. ठेकेदाराला आणि एचआरला आकडे कळण्याचे काही कारण नाही, आणि वाढलेल्या कोलेस्टेरॉलवरून कोणाचे काम जाता कामा नये.

बाकीच्या गोष्टी खर्चिक नाहीत. अप्रेंटिस म्हणून किंवा कामगार म्हणून रुजू होताना प्रत्येकाची, स्त्री असो वा पुरुष, उपाशी न राहता लिपिड तपासणी, सोबत बीपी, शुगर आणि तंबाखूची चौकशी. घरात कोणाला लवकर अटॅक आला का, हा एक प्रश्न. रिपोर्टवर नॉन-एचडीएल ठळक छापलेले आणि त्याचा अर्थ मराठीत आणि हिंदीत लिहिलेला. ज्याला गरज आहे त्याला महापालिकेच्या दवाखान्यांतून, वायसीएम रुग्णालयातून आणि ईएसआयमधून मोफत औषध, तेही महिन्याचे एकदम, म्हणजे त्यासाठी खाडा होणार नाही. कॅन्टीनच्या निविदेत तेलाची अट. आणि नाइट शिफ्टमध्ये छातीत दुखू लागले तर ‘गॅस असेल’ म्हणून इनो न देता लगेच ईसीजी आणि रुग्णालय, हा नियम प्रत्येक सुपरवायझरला पाठ.

या पट्ट्यातल्या कामगार संघटनांनी वेतन करारांत बोनसपासून बसपर्यंत अनेक गोष्टी मिळवल्या आहेत. संहितेने मालकाला चाळिशीपासून बांधले आहे. त्याच्या आधी सुरुवात करायला कोणाची मनाई नाही. पुढच्या करारात हे एक कलम घालून घ्यावे: वयाच्या अठरापासून दर पाच वर्षांनी, आणि आकडा वाढलेला असेल त्याची दर वर्षी, लिपिड तपासणी आणि तिच्यापुढचे औषध. त्या कलमात कायम कामगाराच्या जोडीने अप्रेंटिस आणि कंत्राटी कामगार हे शब्द स्पष्ट लिहिलेले असावेत, कारण या पट्ट्यातली विशीतली हृदये बहुतांश त्यांचीच आहेत.